निळ्या रंगासाठी एकोणीस दिवस

पालकातून प्लास्टोसायनिन नावाचं निळं प्रथिन वेगळं काढायचं, हा माझा एमएस्सीचा प्रकल्प. वर्ष झालं, तरी धुळ्यातल्या आमच्या कॉलेजच्या स्टोअरचा विषय निघाला की डोकं तापतं.

पानं वाटणं, अमोनियम सल्फेट, डायलिसिस, सगळं बिनबोभाट पार पडलं. कॉलममधून निळा पट्टा उतरेल म्हणून मी डोळे लावून बसले होते. नळीत आलं ते पाण्यासारखं.

सर म्हणाले, "अगं, ते तिथंच आहे. इलेक्ट्रॉन धरून बसलंय."

हे प्रथिन थायलाकॉइडच्या, म्हणजे हरितलवकातल्या चपट्या पिशव्यांच्या, आतल्या पोकळीत असतं. प्रकाशसंश्लेषणात सायटोक्रोम एफ या प्रथिनाकडून इलेक्ट्रॉन घ्यायचा आणि फोटोसिस्टिम एक या प्रथिनसमूहाला नेऊन द्यायचा, एवढंच त्याचं काम. साधारण ९९ अमिनो आम्लं आणि तांब्याचा एकच अणू. इलेक्ट्रॉन जवळ असेपर्यंत रंग नाही, तो गेला की गडद निळा. म्हणजे मला हवं होतं चिमूटभर पोटॅशियम फेरिसायनाइड, इलेक्ट्रॉन काढून घ्यायला.

बाटली स्टोअरच्या काचेच्या कपाटात समोर दिसत होती. अर्ज परत आला: "नावात सायनाइड आहे." विभागप्रमुखांचं पत्र नेलं, तर प्राचार्यांची सही हवी. प्राचार्य परीक्षेच्या कामात. सही मिळाली, तर हमीपत्र हवं. हमीपत्र दिलं, तर अर्जाचा नमुना जुना निघाला. यातलं सायनाइड लोखंडाला घट्ट बांधलेलं असतं, तीव्र आम्ल आणि उष्णता यांपासून लांब ठेवलं की झालं, हे मी खिडकीत उभं राहून तीनदा सांगितलं. सुरक्षापत्रकही दाखवलं. "मॅडम, नियम आहे." खरं सायनाइड कुलपातच हवं, त्याला माझी ना नाही. पण बाटलीवरचं नाव पूर्ण तरी वाचा! म्हणून सांगते, हा अर्ज पालक आणायच्या महिनाभर आधी टाका.

एकोणीस दिवस नळी फ्रिजमध्ये. दोनदा वीज गेली, तेव्हा एप्रिलच्या उन्हात बर्फाची लादी डोक्यावरून आणली. त्याच दिवसांत रचना नीट वाचली. १९६० मध्ये जपानच्या साकाए कातो यांना हे प्रथिन क्लोरेला शेवाळात सापडलं. पॉप्लर झाडातल्या प्रथिनाची स्फटिकरचना १९७८ मध्ये सिडनीच्या गटाने उलगडली. तांब्याला दोन हिस्टिडिन, एक सिस्टीन आणि एक मेथिओनिन अशी चार अमिनो आम्लं धरून असतात. इलेक्ट्रॉन असताना तांब्याला एक मांडणी आवडते, नसताना दुसरी. प्रथिनाने त्याला दोन्हींच्या मधोमध जखडलंय, त्यामुळे इलेक्ट्रॉन आला-गेला तरी त्याला फारसं हलावं लागत नाही. म्हणूनच देवाणघेवाण इतकी झटपट होते. हे कळलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

विसाव्या दिवशी पुडी हातात पडली. पिवळ्या द्रावणाचा एक थेंब सोडला आणि नळी हलवली. प्रयोगशाळेतले मामा मागून म्हणाले, "ताई, निळं व्हयनं ना!"

थेंब मोजूनच टाका. जास्त झाला तर पिवळ्यात निळा मिसळून हिरवट दिसतं. पालकही पहाटेच घ्या, दहापर्यंत जुडी मान टाकते.

५९७ नॅनोमीटरला प्रकाशशोषणाचं शिखर आलं. इलेक्ट्रॉन परत देणारं थोडं ॲस्कॉर्बेट टाकलं, रंग गेला. पुन्हा फेरिसायनाइड, पुन्हा निळा. सर येईपर्यंत मी तेच करत बसले होते.