तुम्ही विचारलंत म्हणून: माझा मुलगा कुठल्या शाळेत जातो

हो, मी मुंबई महापालिकेच्या मराठी शाळेत शिकवते आणि हो, माझा मुलगा खासगी इंग्रजी शाळेत जातो. लग्नकार्यात, लोकलमध्ये, सोसायटीत सगळीकडे हाच प्रश्न, आणि विचारणाऱ्यांपैकी एकाचंही पोर पालिकेच्या शाळेत नसतं. २०१५ साली अलाहाबाद हायकोर्टाने सरकारी नोकरांची मुलं सरकारी शाळेतच हवीत असं म्हटलं होतं, ते कात्रण तर मला चारजणांनी पाठवून झालंय.

आधी मी तावातावाने सांगायचे, दप्तर, बूट, रेनकोट धरून २७ वस्तू फुकट, ८ माध्यमं, अजून काय पाहिजे. आता नाही सांगत.

२०२० पासून पालिकेनेच सीबीएसईच्या शाळा काढल्या, प्रवेश सोडतीने. माझ्या तिसरीतल्या एका मुलीचा नंबर लागला, वर्गातली सगळ्यात चुणचुणीत पोर. आई चार घरची धुणीभांडी करते, कामावरून तशीच दाखला मागायला आली. मी तिला बसवून घेतलं आणि सुरू झाले, मातृभाषेतून पाया पक्का होतो, मधेच माध्यम बदललं तर पोर गोंधळते, वगैरे. खोटं नाहीये ते, आजही मला पटतं. पण डोक्यात तेव्हा पट होता, म्हणजे शाळेतल्या मुलांची संख्या. पट घसरला की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरतात त्यात, पद जातं, मग मी अतिरिक्त शिक्षक, मग दीड तास लांबची शाळा.

तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाई, तुमचा मुलगा कितवीला?"

"तिसरीतच."

"मराठीतच ना?"

मी हो म्हणाले. का म्हणाले माहीत नाही, तोंडातून गेलंच.

ती म्हणाली, "तुम्ही घरी शिकवू शकता ना बाई. मला कुठं येतंय."

दाखल्याचा अर्ज मीच लिहून दिला, तिने सही केली.

तेव्हाची मी म्हणायची, सोडत कसली काढता, सगळ्याच शाळा तशा करा ना! बरोबरच होतं. कारण त्याच चाळीतली, नंबर न लागलेली दोन मुलं माझ्याच बाकावर राहिली, त्यांचं काय चुकलं? पण मग त्या एकीला मी अडवणार होते ते कुणासाठी? आणि माझ्या मुलासाठी तर मी सोडतीचीही वाट बघितली नाही, सरळ फी भरली. नवरा म्हणतो तू कशाला सगळ्यांचं ओझं घेतेस. घेतलंय कुठे, फी भरून मोकळी झालेय.

ती आई अजून बाजारात भेटते, मुलाची चौकशी करते. यंदा सहावीत गेला, एवढंच सांगते.