झोळ्या नऊ, वाकळा सतरा : यंदाच्या शिवणाची नोंद

यंदाची सुरुवात खरं तर गेल्या जानेवारीत झाली. वाळवा तालुक्यात उसाच्या एका फडावर गेले होते. आधीच्या दिवाळीनंतर तिथल्या ऊसतोड मजुरांच्या कोप्यांवर, म्हणजे पाचटाच्या (उसाच्या वाळल्या पाल्याच्या) झोपड्यांवर, मी पाच वाकळा दिल्या होत्या (पुण्याकडच्यांनी गोधड्या वाचावं, आमच्या सांगलीकडं वाकळच म्हणतात), त्या कशा वापरात आहेत ते बघायचं होतं. मनातून कौतुक ऐकायचं होतं, हेही लिहून टाकते.

त्या वाकळा म्हणजे माझा अभिमान. पाच बाय सात फूट, सहा सुती पातळांचे थर, मध्ये जुनी सोलापुरी चादर, बोटभर अंतरावर धावदोरा. घरच्या काट्यावर एकेक तीन किलोची. पोचले तर त्यातली एक कोपीच्या पाचटावर पसरलेली. "परवा धुतली ताई. उबदार लई हाय, पर वाळतच न्हाई."

आणि वाळणार तरी कशी? पहाटे अंधारात ही माणसं फडावर जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता, जोडीला तसंच म्हणतात. ऊन आलं की वाकळ उलटायला आणि दव पडायच्या आत उचलायला कोपीवर असतं कोण? तान्हं पोरसुद्धा आईबरोबर फडावर जातं. त्या बाईचं बाळ बांधाच्या बाभळीला साडीची झोळी करून टांगलेलं होतं. साडी नायलॉनची, बाळ घसरून एका कडेला गेलेलं. "वाकळा ऱ्हाऊंद्या, झोळीला व्हईल असं कायतर शिवा की," ती म्हणाली.

तीन वर्षं मी हे शिवण करत होते. झोळी कधी डोक्यात आली नव्हती.

जून-जुलै : साड्या

हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो. बीड, जालना, अहिल्यानगरकडून माणसं येतात ती मार्च-एप्रिलला परततात. म्हणजे नोव्हेंबरअखेर माल तयार हवा. उलट मोजलं आणि जूनमध्येच साड्या मागायला लागले.

एकंदर ३१ आल्या. त्यातल्या खऱ्या सुती बारा. बाकी सगळं सिंथेटिक, टेरिकॉट आणि लग्नात आहेर म्हणून आलेलं, कुणालाच नको असलेलं. लोक कपाट रिकामं करतात आणि त्याला दान म्हणतात. (एक साडी घडीसकट, दुकानाची चिठ्ठी न काढता आली. तीही पॉलिएस्टर.)

हात लावून सुती ओळखता येतं असं मला वाटायचं, दोनदा फसले. आता साडीच्या कडेचा एक धागा ओढायचा, चिमट्यात धरायचा आणि गॅसवर न्यायचा. सुती धागा कागदासारखा जळतो, वासही कागदाचाच, आणि उरलेली राख बोटात चुरली की भुकटी होते. पॉलिएस्टर आक्रसतो, वितळतो आणि टोकाला कडक मणी उरतो. टेरिकॉट दोन्ही करतो, थोडं जळतो आणि थोडा मणी ठेवतो. मणी दिसला की साडी बाजूला. कोपीत चूल दोन हातांवर असते आणि पाचटाच्या भिंती. तिथं अंगावर वितळून चिकटणारं कापड मी देणार नाही.

जरीचे काठ कापून ठेवलेत, लहान पोराच्या गालाला टोचतात. त्या काठांचं काय करायचं ते अजून सुचलेलं नाही.

फ्लॅनेलचा एक तागा फुकट मिळत होता, तोही घेतला नाही. उसाच्या पाल्याची कूस (बारीक टोचरे केस) लवदार कापडात रुतते आणि धुऊनही निघत नाही. हे मला शेतकरी मावसभावानं सांगितलं, नाही तर मी हौसेनं घेतला असता. गुळगुळीत सुती सगळ्यात बरं, त्यातही गडद रंगाचं.

ऑगस्ट : वाकळा, नवीन माप

माप चार बाय पाच फूट, थर चार. मधली चादर बंद. वजन पाऊण किलोच्या आसपास. एक जाड देण्यापेक्षा दोन पातळ द्यायच्या असं ठरवलं. थंडीत एकीवर एक घेतल्या की दोन्हींच्या मध्ये हवा राहते, ऊब येते, आणि धुतलेली संध्याकाळपर्यंत वाळते. मी गच्चीवर घड्याळ लावून बघितलं. ऑगस्टात पावसानं उघडीप दिलेल्या दिवशी चार थरांची पाच तासांत वाळली. गेल्या वर्षीच्या मापाची एक घरी होती, ती दुसऱ्या दिवशी दुपारीही मध्ये ओलीच.

पण पहिल्याच वाकळेला पोट आलं. मी कडेकडून आत शिवत जाते, चौकोनात चौकोन. थर नीट टाचले नाहीत की कापड हळूहळू मध्याकडं सरकतं आणि शेवटच्या चौकोनात उशीसारखा फुगा उरतो. कर्नाटकात हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी (मूळच्या आफ्रिकी) समाजातल्या बायका त्यांची कवंदी, म्हणजे वाकळच, अशीच कोपऱ्यातून सुरू करून गोल गोल आत नेतात, त्यांची अंगणात ताठ बसते. हात त्यांचा, दुसरं काय. मी पाच इंच उसवलं, परत पसरलं, चार कोपऱ्यांवर पाट्याचे दगड ठेवले आणि आधी मधून बाहेर कच्चे टाके घातले. पहिला उभा, मग आडवा, मग दोन तिरके. त्यानंतर धावदोरा कडेकडून घातला तरी पोट आलं नाही. कच्च्या टाक्यांचा कंटाळा येतो. तरी घालाच.

ओळींमधलं अंतर दीड बोट ठेवलं. एका बोटावर ठेवलं तर वाकळ ताठ होते आणि वाळायलाही वेळ लागतो, दोन बोटांवर ठेवलं तर थर आत सरकतात. हौसेनं हिशेब करून बघितला: चार बाय पाच फुटांना बोटभर, म्हणजे साधारण दोन सेंटीमीटर अंतरानं ओळी घातल्या तर जवळजवळ ९० मीटर धावदोरा होतो. दीड बोटावर तो साठाच्या आसपास येतो. दुपारच्या मालिका बघत तेवढा सहज होतो. दोरा दुपदरी, मेणावरून ओढलेला. मेण नसेल तर मेणबत्तीचा तुकडा चालतो.

कडा पायमशीनवर. चार थर आणि दुमड मिळून कोपऱ्यात बारा पदर होतात, १४ नंबरची सुई तिथं तुटते. दोन तोडल्यावर अक्कल आली, १६ घातली. कोपऱ्याशी पाय थांबवून चाक हातानं फिरवायचं.

सप्टेंबर

गौरी-गणपती. शून्य टाके. पुढं लिहिण्यासारखं काही नाही.

ऑक्टोबर : झोळी

हा महिना सगळा झोळीचा.

पहिला विचार साधा होता. नऊवारी पातळाचा साडेतीन मीटरचा तुकडा, मध्ये मीटरभर भागात आणखी दोन थर लावून वाकळीसारखं शिवायचं, दोन्ही टोकं एकपदरी ठेवायची म्हणजे गाठ बसेल. शिवली, छान दिसली. हॉलमधल्या झोपाळ्याच्या कड्यांना बांधली आणि आत दहा किलो गव्हाची पिशवी ठेवली. स्थिर असताना काही झालं नाही. झोका दिला. तिसऱ्या झोक्याला एकपदरी भागात टर्रकन आवाज आला, वीतभर उभी चीर गेली आणि पिशवी फरशीवर. गहू सोफ्याखालपर्यंत.

आमचे हे पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "बाळ सुखरूप आहे ना?"

हसले खरी, पण रात्री झोप आली नाही. गव्हाऐवजी... असो.

फाटलेला तुकडा सकाळी खिडकीशी धरला. साडी बसण्याच्या भागात इतकी विरलेली की पलीकडचं उजेडात दिसत होतं. वाकळेत अशी साडी चालते, तिला ओझं पेलायचं नसतं, नुसतं पडून राहायचं असतं. झोळीत ती चालणार नाही. म्हणून ठरलं: भार पेलणारं कापड कोरं, आणि जुनी साडी फक्त बाळाच्या अंगाशी, मऊपणापुरती.

कोरा मांजरपाट (जाडंभरडं सुती कापड) आणला, पन्हा ४४ इंची. न कापता रात्रभर भिजवला, खळ निघाली आणि साडेतीन मीटरला चांगलं पाच इंच आटला. हे शिवल्यावर झालं असतं तर आतल्या साडीला चुण्याच चुण्या पडल्या असत्या. ताणा (कापडातले उभे धागे) लांबीकडं ठेवायचा आणि दोन्ही किनारी तशाच राखायच्या, कापायच्या नाहीत. कापडाची सगळ्यात मजबूत जागा तीच.

टोकाला दोर ओवायला नेफा करावा असं मैत्रिणीनं सुचवलं. दिसायला सुबक दिसलं असतं. पण नेफ्यात सगळा भार शिवणीवर येतो, गाठीत कापडावर येतो. टाका उसवला तर बाळ खाली. म्हणून नेफा नाही, मीटरभर साधं टोक, ज्याला हवी तशी गाठ मारता येईल.

मधल्या भागाचे थर एकाच रेषेत संपवले तर तिथं पायरी होते आणि ती बाळाच्या मानेखाली येते. म्हणून वरचा थर खालच्यापेक्षा चार बोटं आखूड. धावदोरा लांबीच्याच दिशेनं. आडव्या ओळींनी मांजरपाटाला रांगेत भोकं पडतात, आणि ताण नेमका तिथंच येतो. बटण, रिबीन, टिकली, गोंडा, काही नाही. एका झोळीला कोपऱ्यात छोटं फूल भरलं होतं, तेही उसवून टाकलं. दात येणारं पोर दोरा चघळणार.

दुसरी चाचणी २५ किलो तांदळाचं पोतं. पंधरा मिनिटं झोका दिला. नंतर उतरवून सगळी झोळी उजेडात धरून बघितली, कुठं धागे सरकलेत का. सरकले नव्हते. त्यानंतर प्रत्येक झोळी या पोत्यावरूनच गेली आहे. (पोतं अजून हॉलमध्येच आहे. सूनबाई काही बोलत नाही, पण बघते.)

मांजरपाटाचा रंग पांढरट, मळणारच. रंगवायचं होतं, राहून गेलं.

नोव्हेंबर : टाचणी

सातव्या झोळीला ३० टाचण्या लावल्या होत्या. मी डबीत मोजून ठेवते, ही सवय जुनी. काढताना २९ निघाल्या. घर झाडलं, चुंबक फिरवला, मशीनच्या पेटीत बघितलं, नाही. मग झोळीवरच चुंबक फिरवला तर एका जागी किंचित ओढला गेला. वरून काही दिसत नाही, हाताला लागत नाही. दोन थरांच्या मध्ये आडवी गेलेली, डोक्यासकट आत. चार ओळी उसवून काढली.

त्या दिवसापासून देण्याच्या कामात टाचणी बंद. फक्त सेफ्टी पिना, आणि त्याही मोजून. शिवाय झालेल्या सगळ्या वाकळांवरून चुंबक फिरवला, दोन संध्याकाळी गेल्या. काही निघालं नाही. तुम्ही देण्यासाठी शिवत असाल तर एक चुंबक आणून ठेवा, फ्रिजवरचा कमजोर असतो, जुन्या स्पीकरमधला चांगला.

महिनाअखेरचा आकडा: वाकळा १७, झोळ्या ९. ठरवल्या होत्या वाकळा २४ आणि झोळ्या १०. दहावी झोळी म्हणजे ती फाटलेली. तिचं पायपुसणं केलं.

डिसेंबर : फड

दोन पोती भरून गेलो. फोटो नको असं बरोबरच्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. थंडीत नाक गळणाऱ्या पोराच्या हातात वाकळ देऊन त्याला कॅमेऱ्याकडं बघायला लावायचं, हे मला जमत नाही.

गेल्या वर्षीची ती बाई यंदा या भागात आलेली नाही. दुसरीच एक होती, सात-आठ महिन्यांची मुलगी कडेवर. तिनं झोळी हातात घेतली, उलटी केली, आतले टाके बघितले, मांजरपाट दोन्ही मुठींत धरून ओढला. मग बांधाच्या आंब्याला बांधायला गेली. फांदी जाड, माझं टोक एकदा वळसा घालून गाठीपुरतं जेमतेम पोचलं. तिनं मान हलवली आणि गाडीवरून दोर काढून आणला, टोकाला घट्ट आवळला. मुलीला सासूकडं दिलं. पाण्यानं भरलेली कळशी उचलून झोळीत ठेवली, झोका दिला, गाठीकडं बघत राहिली. आणखी एक झोका. कळशी काढली, आतलं ओलं झालेलं पदरानं पुसलं आणि मग मुलीला घातलं.

"टोक हातभर वाढवा ताई," जाताना म्हणाली.

पुढच्या झोळ्या चार मीटरच्या. मांजरपाट आटतो ते धरून सव्वाचार आणायचा.