चिकट गाभ्याचा उलगडा आणि स्वस्त गव्हाच्या पोत्याचे भवितव्य

घाऊक भावात आणलेल्या गव्हाच्या प्रत्येक पावाचा गाभा चिकट का राहतो, या प्रश्नाने मागच्या बऱ्याच नोंदी व्यापल्या होत्या. त्याचे उत्तर या आठवड्यात मिळाले. ओव्हन, पाण्याचे प्रमाण आणि आंबवण (पाव फुगवणारे आंबवलेले पीठ) या तिन्ही संशयितांची निर्दोष सुटका झाली असून दोष थेट दाण्यात निघाला आहे.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी लक्षणे थोडक्यात सांगतो. पाव बाहेरून देखणा होई. कवच नेहमीपेक्षा लवकर आणि अधिक गडद तांबूस होई, वरची चीरही चांगली उमले. मात्र दुसऱ्या दिवशी, पूर्ण निवल्यावर कापला तरी सुरीच्या पात्यावर गाभ्याचा राखाडी लेप चढे, तळापासून बोटभर उंचीपर्यंतची जाळी मिटलेली असे आणि तो भाग दाबला तर पुन्हा वर येत नसे. पाव कच्चा राहत असावा हा पहिला संशय प्रोब थर्मामीटरने केव्हाच निकालात काढला होता, कारण गाभा ९७–९८ अंश सेल्सिअसला पोचल्याशिवाय एकही पाव ओव्हनबाहेर आला नव्हता. हायड्रेशन, म्हणजे पिठाच्या वजनाच्या तुलनेत पाणी, ७८ वरून ७० टक्क्यांवर आणल्यावर लेप कमी झाला, पण गेला नाही. त्याच आंबवणाने आणि त्याच साच्यात तयार पिठाचा पाव मात्र निर्दोष होत होता. म्हणजे खोट पिठात आहे हे दिसत होते. पण पिठात नेमकी कशात, हे कळत नव्हते, कारण कणीक पाण्याखाली धुऊन पाहिल्यावर ग्लुटेन (कणकेला ताण देणारे प्रथिन) भरपूर आणि चांगले लवचिक निघत होते.

कोडे सुटले ते फॉलिंग नंबरच्या, म्हणजे गव्हाला आतून कोंब फुटू लागला आहे का हे दाखवणाऱ्या चाचणीची घरगुती नक्कल केल्यावर. मूळ चाचणीत ७ ग्रॅम पीठ आणि २५ मिलिलिटर पाणी यांचे मिश्रण नळीत घालून ती नळी उकळत्या पाण्याच्या कुंडात ठेवतात, ६० सेकंद ढवळतात आणि मग दांडी त्या खळीतून खाली उतरायला किती वेळ लागतो ते मोजतात. ढवळण्याचा वेळ धरून येणारे एकूण सेकंद म्हणजे फॉलिंग नंबर. पावासाठी २५० ते ३०० च्या आसपासचा आकडा सोयीचा मानतात आणि २०० च्या खालचा गहू कोंब फुटलेला म्हणून संशयास्पद ठरतो. माझ्याकडे ते यंत्र नाही, म्हणून एकसारख्या दोन काचेच्या बरण्या घेऊन प्रत्येकीत १४ ग्रॅम पीठ आणि ५० मिलिलिटर पाणी घातले. एकीत पोत्यातल्या गव्हाचे पीठ होते आणि दुसरीत तयार पीठ. दोन्ही बरण्या उकळत्या पाण्याच्या पातेल्यात ठेवून एकाच वेळी ढवळत राहिलो. सुरुवातीला काही फरक दिसला नाही; दोन्हींतली खळ सारखीच दाटली. मग तयार पिठाच्या खळीत चमचा उभा राहिला तो उभाच राहिला. पोत्यातल्या पिठाच्या खळीत तो क्षणभर उभा राहिला, हळूहळू कलला आणि बरणीच्या कडेला टेकला. दाटलेली खळ आपोआप पातळ होऊन चमच्यावरून धारेने ओघळू लागली. इतका स्पष्ट निकाल स्वयंपाकघरातल्या प्रयोगातून क्वचितच हाती लागतो.

कारण असे आहे. कापणीच्या तोंडावर पीक भिजले की दाणा उगवण्याच्या तयारीला लागतो आणि त्यात अल्फा-अमायलेज हे विकर (एन्झाइम) वाढते, जे स्टार्चचे तुकडे करून त्यापासून साखर तयार होण्याची वाट मोकळी करते. बाहेरून कोंब दिसत नसला तरी आत हे विकर वाढलेले असू शकते. माझ्या पोत्यातले दाणे भिंगाखाली जवळजवळ सगळेच निरोगी दिसतात. पाव भाजला जात असताना गव्हाचा स्टार्च साधारण ६० अंशांपासून फुगून पाणी धरू लागतो, तर हे विकर निकामी व्हायला त्याहून बरेच अधिक तापमान लागते. मधल्या टप्प्यात नुकत्याच फुगलेल्या स्टार्चवर विकराचा ताव चालतो, धरलेले पाणी सुटते आणि गाभ्यात गोंद तयार होतो. कवच लवकर काळवंडण्याचे कारणही तीच जास्तीची साखर.

ताज्या दळलेल्या पिठाचा कोंडा मऊ व्हावा म्हणून कणीक रात्रभर भिजवून ठेवण्याची शिफारस आपण सगळेच करतो, आणि ती एरवी योग्यच आहे. परंतु अशा गव्हाच्या बाबतीत ती उलटी पडते, कारण भिजलेल्या पिठात विकराला रात्रभर मोकळे रान मिळते. म्हणून ऑटोलिज, म्हणजे पीठ नुसते पाण्यात भिजवून ठेवण्याचा वेळ, २० मिनिटांवर आणले, मीठ पिठाच्या २ टक्के ठेवून ते सुरुवातीलाच घातले आणि आंबवण ४० टक्क्यांपर्यंत वाढवले. राय या गव्हासारख्या धान्याच्या पिठाचे पाव करणारे फार पूर्वीपासून आंबटपणाचा आधार घेतात तो याचसाठी, कारण आम्लात अल्फा-अमायलेजचा जोर ओसरतो. शिवाय मोठ्या गोल लोफऐवजी त्याच कणकेचे दोन लहान केले, जेणेकरून गाभा धोक्याच्या तापमानातून झपाट्याने पुढे सरकावा. कालचा पाव कापल्यावर सुरीवर लेप जवळजवळ नव्हता. तळाशी एक बारीक दाट रेघ उरली आहे, पण या पोत्यातून निघालेला हा पहिला पाव आहे जो टोस्ट न करता खावासा वाटला.

पुढचा विचार मिश्रणाचा होता. अर्धा हा गहू आणि अर्धा चांगला घेतला की काम भागेल असे वाटते. प्रत्यक्षात फॉलिंग नंबरची सरळ सरासरी निघत नाही. आकड्यातून ५० वजा करून त्या उत्तराने ६००० ला भागायचे, येणाऱ्या आकड्यांची सरासरी काढायची आणि मग उलट हिशेब करायचा, अशी गिरण्यांची रीत आहे. समजा एक गहू १५० चा आणि दुसरा ३५० चा आहे. भागाकार ६० आणि २० येतात, सरासरी ४०, आणि निम्म्या-निम्म्या मिश्रणाचा फॉलिंग नंबर २०० निघतो, २५० नव्हे. थोडा वाईट गहू बऱ्याच चांगल्या गव्हाला खाली ओढतो. माझ्या गव्हाचा खरा आकडा हाती नसल्यामुळे मी हा गहू १०, २० आणि ३० टक्के असलेल्या मिश्रणांवर बरणीची चाचणी घेतली आणि २० टक्क्यांपर्यंत चमचा ठीक उभा राहिला. उरलेले पोते संपवण्याचा मार्ग म्हणून हे प्रमाण नक्की करणार होतो.

परंतु हे लिहितानाच एक वेगळा मार्ग सुचला आहे. कोंब फुटू लागलेल्या दाण्यात हे विकर प्रामुख्याने कोंड्यालगतच्या थरात आणि अंकुराजवळ असते. मग पीठ बारीक चाळून कोंडा वेगळा काढावा, तो पाण्यात दोन मिनिटे प्रत्यक्ष उकळावा, थंड करावा आणि आटलेले पाणी वजन करून भरून काढल्यावर कणकेत मिसळावा. विकराचा मोठा वाटा तिथेच मरेल आणि कोंडा मऊ व्हावा म्हणून कणीक रात्रभर भिजवण्याची गरजही उरणार नाही. कोरडा कोंडा भाजून हेच साधेल असे वाटत नाही, कारण कोरड्या उष्णतेत विकरे अधिक तग धरतात. तेव्हा मिश्रणाचे प्रमाण तूर्त बाजूला ठेवतो.

खरेदीबद्दल माझे मत आता पक्के झाले आहे. या विक्रेत्याने प्रथिनांचा आकडा आवर्जून सांगितला होता आणि तो खराही असावा, पण फॉलिंग नंबरबद्दल चकार शब्द काढला नव्हता. येथून पुढे किलोभर नमुना आणून बरणीची चाचणी घेतल्याशिवाय पोते उचलणार नाही. भावाची तुलनाही निवडून झालेल्या गव्हाच्या वजनावर करायची, कारण खडे, भुसा आणि फुटके दाणे काढल्यावर स्वस्त पोत्याचा बराचसा फायदा वितळतो. पेरणीचे बियाणे कितीही स्वस्त मिळाले तरी त्याकडे फिरकू नये. त्यावर बुरशीनाशक चोळलेले असू शकते. दळण्यासाठी दगडी पात्यांची लहान गिरणी मला अजूनही सर्वांत भरवशाची वाटते. मिक्सरमध्ये दळलेले पीठ गरम होते आणि त्यात रव्यासारखी कणी राहते, त्यामुळे त्यावर गाभ्याविषयीचे कोणतेही निष्कर्ष काढण्यात अर्थ नाही.

पुढच्या पावासाठी पीठ दळून चाळले आहे आणि चाळणीवर वजनाने १४ टक्के कोंडा उरला आहे. हायड्रेशन, आंबवण आणि बाकी सर्व कालच्याप्रमाणे ठेवतो, म्हणजे फरक पडलाच तर तो उकळलेल्या कोंड्याकडे बोट दाखवेल. सोबत उकळलेल्या आणि न उकळलेल्या कोंड्याच्या पिठाच्या दोन बरण्याही लावणार आहे. कोंडा उकळून वापरण्याचा अनुभव कोणाला असेल, तर त्याने पाणी किती आटते आणि कणीक किती सैल पडते ते जरूर कळवावे.