तीन सावल्यांची सोबत

काल रात्री इंदूरच्या सराफ्यातून, म्हणजे रात्रीच्या खाऊबाजारातून, भुट्ट्याचा कीस आणला आणि बाबा, आत्या नि मी ‘मिस्ट्री सायन्स थिएटर ३०००’ बघत बसलो. जोएल हॉजसनने १९८८ मध्ये अमेरिकेत, मिनियापोलिसच्या एका स्थानिक वाहिनीवर सुरू केलेला कार्यक्रम. पडद्याच्या खाली तीन सावल्या, एक माणूस आणि दोन यंत्रमानव. समोर टुकार सिनेमा, आणि यांची अखंड टोमणेबाजी.

कालचा सिनेमा १९६६चा ‘मॅनोस’, खत विकणाऱ्या एका गृहस्थांनी काढलेला. आवाज सगळा मागाहून भरलेला! आत्याला इंग्रजी कळत नाही, म्हणून मी मराठीत सांगत होते. पण त्यातला तो नोकर तोरगो लटपटत आला आणि तीच ओरडली, “अगं, गुडघ्यांना उशा बांधल्यात का याने?” बाबा इतके हसले की किसाची वाटी लवंडली. आई गेल्यापासून त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं.

असला सिनेमा एकट्याने बघवतच नाही. त्या तिघांबरोबर मात्र बघवतो, कारण तेही मधे उठले तरी परत येऊन शेवटपर्यंत बसतात. घरचंच कुणीतरी शेजारी असल्यासारखं वाटतं.

आत्याने पुढचा शनिवार आत्ताच सांगून ठेवलाय. शेव तिच्याकडून.