तुम्ही विचारलेत म्हणून : डच बोलायचे तरी कोणाशी?

हेगमध्ये नव्याने राहायला आलेली मराठी मंडळी भेटली, की गप्पांत एक प्रश्न हमखास निघतो. डचच्या वर्गाची पहिली पातळी पार पडलेली असते, शब्दही बऱ्यापैकी पाठ असतात. परंतु कार्यालयाचा सगळा कारभार इंग्रजीत चालतो, आणि दुकानात आपण डचमध्ये सुरुवात केली तरी समोरचा माणूस दुसऱ्याच वाक्याला इंग्रजीवर येतो. मग एवढ्या तुटपुंज्या डचच्या बळावर रोजच्या बोलण्याचा सराव करायचा तरी कोणाशी? हा प्रश्न मला इतक्यांनी विचारला आहे, की त्याचे उत्तर एकदा सविस्तर लिहावे असे वाटले.

समोरचा माणूस इंग्रजीवर येतो तो आपल्या उच्चारांना कंटाळून, असे पुष्कळांना वाटते आणि त्यामुळे ते खट्टू होतात. माझा अनुभव वेगळा आहे. पाहुण्याची अडचण होऊ नये आणि काम लवकर उरकावे, एवढाच बहुतेकांचा हेतू असतो. आपल्याला सराव हवा आहे हे त्यांना सांगितल्याशिवाय कसे कळणार? म्हणून ‘इक लेर नेडरलांट्स, झुलन वे नेडरलांट्स प्राटन?’, म्हणजे ‘मी डच शिकते आहे, आपण डचमध्ये बोलू या का?’, हे वाक्य अगदी पहिल्या आठवड्यात तोंडात बसवावे. त्याच्या जोडीला ‘कुंट यू इट्स लांगझामर प्राटन?’, म्हणजे ‘जरा सावकाश बोलाल का?’, हेही असू द्यावे. ही दोन वाक्ये अडखळत का होईना पण न लाजता म्हटली, तर फार थोडे लोक नकार देतात.

खरी अडचण त्यापुढची आहे आणि तिच्याकडे वर्गात पुरेसे लक्ष दिले जात नाही, असे माझे मत आहे. आपण घरून आपले वाक्य तयार करून जातो. ते व्यवस्थित म्हणतोही. आणि मग समोरून जो उलट प्रश्न येतो, त्यापाशी गाडी अडते. ब्रेडच्या दुकानात ‘एक अख्खा गव्हाळ पाव द्या’ हे आपण शिकलेले असते, पण लगेच ‘खस्नेडन?’ असा एकाच शब्दाचा प्रश्न येईल, आणि तो पावाचे काप करून हवेत का असा आहे, हे पाठ्यपुस्तकाने सांगितलेले नसते. म्हणून माझा सगळ्यांना आग्रह असतो, की वहीत आपली वाक्ये लिहिण्यापेक्षा समोरच्याने विचारलेले प्रश्न लिहून ठेवा. रोजच्या व्यवहारातले असे प्रश्न मोजकेच असतात आणि ते जवळजवळ त्याच शब्दांत पुन्हा पुन्हा येतात.

उदाहरणादाखल हागसे मार्क्ट या इथल्या मोठ्या उघड्या बाजारातले चीजचे दुकान घेऊ. सोमवार, बुधवार, शुक्रवार आणि शनिवार असा हा बाजार भरतो. शनिवारी दुपारी तिथे पाय ठेवायला जागा नसते, म्हणून सरावासाठी बुधवारची सकाळ चांगली. दुकानदार ‘वी इस एर आन दे ब्यर्ट?’, म्हणजे ‘आता कोणाची पाळी?’, असे विचारतो. आपण ‘इक’ म्हणून पुढे व्हायचे आणि ‘माख इक एन पाँट याँग बेलेखन?’ असे मागायचे. याँग बेलेखन हे फार कोवळेही नाही आणि फार मुरलेलेही नाही असे चीज. पाँट म्हणजे बोलीभाषेत पाचशे ग्रॅम आणि ऑन्स म्हणजे शंभर ग्रॅम, हेही इथेच कळते. आता पहिला उलट प्रश्न येतो : सलग तुकडा हवा की काप, ‘आन एन स्टुक ऑफ इन प्लाक्येस?’ उत्तर प्रश्नातच असते, त्यातला हवा तो भाग उचलून परत म्हणायचा. मग तो मोठ्या चाकातून तारेने तुकडा कापतो, काट्यावर ठेवतो आणि आकडा पाहून विचारतो, ‘माख हेट इट्स्ये मेर झाइन?’, म्हणजे थोडे जास्त भरले तर चालेल का. ‘या होर, प्रीमा’, म्हणजे ‘हो, चालेल’, म्हटले, की ‘आंडर्स नॉख ईट्स?’, आणखी काही? ‘ने, दाट वास हेट’, नाही, एवढेच. पैसे कार्डाने दिले, की तो ‘फाइने दाख’ म्हणतो आणि आपण ‘यू ओक’ म्हणून त्याला तीच सदिच्छा परत देतो.

एवढासा व्यवहार, पण त्यात ऐकणे, निवडणे, उत्तर देणे आणि निरोप घेणे हे सगळे आले. तो एकदा शेवटपर्यंत डचमध्ये पार पडला, की पुढच्या आठवड्यात त्याच दुकानात, त्याच माणसाकडे जावे. नवनव्या ठिकाणी नवनवी वाक्ये फेकून पाहण्यापेक्षा ओळखीच्या माणसाबरोबर तोच संवाद पुन्हा करणे प्राथमिक पातळीवर कितीतरी अधिक उपयोगी पडते, कारण शब्दांची धास्ती संपल्यावरच आपले लक्ष समोरच्याच्या बोलण्याकडे जाते. शिवाय ओळख झाली, की तो एखादा ठरलेल्या चौकटीबाहेरचा प्रश्न विचारतो : मागच्या वेळचे आवडले का, पाऊस लागला का, तुम्ही मूळच्या कुठल्या? गप्पा खऱ्या अर्थाने तिथे सुरू होतात.

त्या बाजारापासून जवळच पॉल क्रूखरलान हा रस्ता आहे, आणि आपल्या लोकांनी तिथे जरूर जावे. साड्या, मिठाई, भाजी आणि पूजेचे साहित्य विकणारी तिथली कित्येक दुकाने सुरिनामी हिंदुस्थानी कुटुंबांची आहेत. १८७३ साली ‘लाला रुख’ जहाजातून मजुरीच्या करारावर सुरिनामला नेलेल्या आणि त्यानंतरच्या जहाजांनी गेलेल्या भारतीयांचे हे वंशज. १९७५ साली सुरिनाम स्वतंत्र झाला, त्या सुमारास त्यांच्यातले पुष्कळ लोक नेदरलँड्समध्ये आले. त्यांची सरनामी भाषा ऐकली, की हिंदीत बोलण्याचा मोह होतो. मी मात्र तिथे ठरवून डचच बोलते. कारल्याला किंवा कोथिंबिरीला डचमध्ये काय म्हणतात हे विचारायला याहून चांगली जागा नाही, आणि माझे अर्धवट वाक्य पूर्ण होईपर्यंत सवडीने थांबणारी माणसे मला तिथे भेटली आहेत.

बाजारात संवाद दोन-चार मिनिटांत संपतो. अर्धा-पाऊण तास सलग बोलायचे असेल तर सार्वजनिक ग्रंथालयात भरणाऱ्या ‘तालकाफे’ला जावे. देशभरातल्या अनेक ग्रंथालयांत असे भाषागट चालतात. काही नवशिके आणि एक-दोन स्वयंसेवक टेबलाभोवती बसून बोलतात. परीक्षा नसते, गुण नसतात. काही शहरांत आठवड्यातून एकदा भेटणारा ‘तालमाट्ये’, म्हणजे भाषेचा सोबती, मिळण्याचीही सोय आहे. मात्र तिथे रिकाम्या हाताने जाऊ नये. आपला विषय आपण न्यावा : गणपतीत केलेल्या मोदकांचे छायाचित्र, गावाकडच्या घराचे छायाचित्र, मुलाच्या शाळेतून आलेली चिठ्ठी. मोदक कसे केले हे सांगताना भूतकाळाची दहा-पंधरा वाक्ये आपोआप होतात, आणि ऐकणाऱ्याला मनापासून कुतूहल असल्यामुळे उलट प्रश्नही भरपूर येतात.

दूरध्वनीवर बोलणे सर्वांत अवघड, कारण तिथे चेहरा आणि हात दिसत नाहीत. डॉक्टरांकडे वेळ मागायची असेल तर आधी तीन गोष्टींची तालीम करावी. पहिली, आपल्या नावाची अक्षरे. डचमध्ये ‘ए’ म्हटले की ते इंग्रजीतले पाचवे अक्षर, ‘ई’ म्हटले की नववे. म्हणून जोशी हे नाव ‘ये, ओ, एस, हा, ई’ असे सांगावे लागते. आपली आडनावे इथे कोणाला ऐकून लिहिता येत नाहीत, त्यामुळे ही तालीम रोज कामी येते. दुसरी, जन्मतारीख आणि संख्या. आपण पंचेचाळीस म्हणताना आधी पाच आणि मग चाळीस म्हणतो, डच माणूसही तसेच म्हणतो. तेव्हा संख्या इंग्रजीच्या वाटेने न नेता थेट मराठीतून डचमध्ये न्यावी, फार सोपे जाते. तिसरी, घड्याळ. ‘हाल्फ द्री’ म्हणजे अडीच. ते साडेतीन समजून कोणी निघाले तर भेट हुकलीच म्हणायची.

घरी एकट्याने करण्यासारखे एकच सुचवते. ‘एनओएस’ या सार्वजनिक प्रसारण संस्थेचे ‘योख्तजुर्नाल’ हे मुलांसाठीचे बातमीपत्र १९८१ पासून चालू आहे. त्याची भाषा सोपी आणि उच्चार स्पष्ट असतात. एखादी बातमी उपशीर्षकांसह ऐकावी, थांबवावी आणि निवेदकामागोमाग मोठ्याने म्हणावी. मोबाइलवरच्या ॲपमुळे शब्दसंग्रह वाढतो हे खरे, पण तेवढ्याने उलट प्रश्न पेलत नाहीत.

परीक्षेचेही विचारले जाते. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या कायद्यानुसार ज्यांना इथल्या समाजात सामावण्यासाठीची परीक्षा सक्तीची आहे, त्यांच्याकडून सर्वसाधारणपणे बी१ पातळीची, म्हणजे रोजच्या विषयांवर स्वतंत्रपणे बोलता येण्याची, अपेक्षा असते. नोकरीनिमित्त उच्चकुशल कर्मचारी म्हणून आलेल्यांवर ती सक्ती नसते, आणि म्हणूनच आपल्यातले पुष्कळ जण डच पुढे ढकलत राहतात. मला ते फार खटकते. शेजारच्या आजींना आपली चौकशी करावीशी वाटते. त्यांच्या वाढदिवसाला बोलावतात तेव्हा खोलीतल्या प्रत्येकाशी हस्तांदोलन करून ‘खेफेलिसिटेर्ट’, म्हणजे ‘अभिनंदन’, म्हणायचे असते, आणि शेजारी बसलेला माणूस आपल्याशी बोलू लागतो. तिथे कायद्याची सक्ती कामाची नाही, दोन वाक्ये कामाची आहेत.

काही जागा मात्र सरावासाठी नाहीत. डॉक्टरांना दुखण्याची लक्षणे सांगताना, घराच्या करारावर सही करताना किंवा करखात्याच्या पत्राबद्दल विचारताना अर्धवट समजण्याची जोखीम घेऊ नये. तिथे ‘माख इक हेट एवन इन हेट एंगल्स आउटलेखन?’, म्हणजे ‘मी हे जरा इंग्रजीत समजावून सांगू का?’, असे निःसंकोच विचारावे, काम नीट पार पाडावे, आणि पुढच्या भेटीची तारीख ठरवताना पुन्हा डचमध्ये यावे. तारीख, वार आणि वेळ एव्हाना आपल्याला येत असते.