खंजीर, पट्टी आणि दोघांचे श्वास

मे महिन्यातलं बडोदं, रावपुऱ्यातला छोटा स्टुडिओ आणि एसी बंद. ऑडिओबुकमध्ये मागचा आवाज उणे ६० डेसिबलच्या खाली लागतो. एसीची घरघर तिथे लगेच पकडली जाते. अशा उकाड्यात वाचायचं होतं ते कादंबरीतलं सगळ्यात नाजूक प्रकरण. राजकन्या शत्रूच्या सेनापतीची जखम बांधते.

ही दोघं पहिल्या पानापासून एकमेकांच्या जिवावर उठलेली. शेवटी ती एकमेकांची होणार, हे ऐकणाऱ्याला ठाऊक असतं. तो कान लावून बसतो ते वैर नेमकं कुठे वितळतं त्यासाठी. वाचणाऱ्याच्या आवाजात आधीच मध उतरला, तर पुढचं सगळं फुकट. या प्रकारात हे फार होतं, आणि मला ते मनापासून खुपतं.

एरवी तिची वाक्यं मी आणि त्याची दादा, असं वेगवेगळ्या दिवशी वाचतो. दादा इथल्या मराठी नाटकांतले मुरलेले नट. या प्रकरणासाठी मात्र मी समोरासमोर वाचायचा हट्ट धरला. रेकॉर्डिस्ट कुरकुरला, कारण एकाचा आवाज दुसऱ्याच्या माईकमध्ये शिरला की चुकलेलं वाक्य एकट्याला पुन्हा वाचून भागत नाही. पण कार्डिऑइड माईकला पाठीमागचं सगळ्यात कमी ऐकू येतं. म्हणून दोन्ही माईक पाठीला पाठ लावून ठेवले आणि आम्ही दोन बाजूंना उभे राहिलो.

"हललास तर हाच खंजीर गळ्यावरून फिरवीन."

शब्दांतला राग मी तसाच ठेवला, फक्त माईकच्या जवळ सरकले. तोंड इतकं जवळ आलं की खर्ज वाढतो, आवाज कानाशी आल्यासारखा लागतो. राग तोच, अंतर कमी.

"मग फिरव ना," दादा म्हणाले, आणि थांबले. संहितेत तिथे थांबायचं लिहिलेलं नव्हतं. हेडफोनमध्ये त्यांचा श्वास येत होता, मग माझाही. मला पुढचं पान दिसत होतं, तरी ते काय बोलणार याची धास्ती वाटली.

"हात का थरथरतोय तुझा?"

रेकॉर्डिस्ट म्हणाला, "ताई, एवढी गॅप? लोकांना वाटेल ॲप बंद पडलं." त्याचं म्हणणं खरं होतं, अशा जागा एरवी कापतात आणि श्वासही पुसतात. मी म्हटलं, गॅप राहू दे, पण श्वास पुसू नकोस. श्वास चालू असेल तर ॲप बंद पडलं असं कुणाला वाटणार नाही. त्याने मोबाईल आणि साधे इअरफोन लावून ऐकलं, कारण लोक तसंच ऐकतात. मग श्वास थोडे खाली घेतले, काढले नाहीत.

दादांना आणखी एक टेक हवा होता. घेतला. उच्चार जास्त स्वच्छ आले, पण या वेळी दोघांनाही त्या थांबण्याची कल्पना होती, आणि ते ऐकू येत होतं. पहिलाच ठेवला.

थोडा वेळ एसी लावला, पाणी प्यायलो आणि पुढच्या लढाईच्या प्रकरणाला लागलो.