31 ऑक्टोबरची हजेरीवही

1 मेला कोणाला बोलवावं लागत नाही. हुतात्मा चौकात गर्दी आपसूक होते, झेंडे कमी पडतात, फोटोसाठी रेटारेटी होते. 31 ऑक्टोबरला, आमच्या आयटक या कामगार महासंघाच्या स्थापनादिनी, मात्र परळच्या आमच्या हॉलमधल्या मागच्या रांगा दरवर्षी रिकाम्या. कधी दिवाळी, कधी गावी भातकापणी, कधी नुसताच कंटाळा. हजेरीवही माझ्याकडे असते, त्यामुळे कोण आलं नाही ते मला तोंडपाठ आहे.

खरं तर हा दिवस मुंबईचाच. 1920 साली याच तारखेला एम्पायर थिएटरात आयटकचं पहिलं अधिवेशन भरलं, लाला लजपतराय अध्यक्ष होते. शंभरावं वर्ष नेमकं कोरोनात आलं. हॉलला कुलूप आणि आम्ही मोबाइलवर एकमेकांना ‘आवाज येतोय का?’ विचारत बसलो. ते मला अजून सलतं.

ध्वजवंदन, हार, स्वागत, अहवालवाचन हे दरवर्षीचंच. पाहुणे उशिरा येतात, तेही दरवर्षीचंच. त्यानंतर गिरणीच्या साचेखात्यातले (कापड विणायच्या खात्यातले) आमचे एक निवृत्त काका इतिहास सांगायला उभे राहतात, तेव्हा मी वही मिटते. 1919 साली वॉशिंग्टनच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेला कामगार पुढारी ना. म. जोशींना कामगारांचा प्रतिनिधी म्हणून पाठवलं ते सरकारनं. माणूस चांगला, पण आपला माणूस आपण निवडायचा की सरकारनं? देशभरच्या युनियन एकत्र यायला हेही एक निमित्त झालं, असं काका सांगतात. जोशींचंच नाव आज डिलाईल रोडला आहे, हे सांगताना पुढच्या बाकावरच्या पोरांकडे रोखून बघतात.

मग वाटण्या. 1929 ला नागपुरात व्हिटली कमिशनवरच्या (कामगारांच्या स्थितीच्या चौकशीसाठी ब्रिटिश सरकारनं नेमलेल्या) बहिष्कारावरून पहिली फूट पडली आणि जोशीच बाहेर पडले. पुढे परत एकत्र आले. मग वेगळे महासंघ निघाले: 1947 ला काँग्रेसवाल्यांची इंटक, 1948 ला हिंद मजदूर सभा, 1955 ला दत्तोपंत ठेंगडींचा भारतीय मजदूर संघ, 1970 ला मार्क्सवादी कम्युनिस्टांची सिटू. “भाऊबंदकी कोकणात असते म्हणतात, आमच्याकडे या!” हे वाक्य दरवर्षी येतं आणि दरवर्षी हशा पिकतो. बाकीच्या महासंघांनाही आम्ही निमंत्रण देतो. बहुतेकांचे शुभेच्छांचे संदेश येतात. माणसं येत नाहीत.

पण मी खरी थांबते ती गिरणीच्या वाइंडिंग (सूत गुंडाळायच्या) खात्यातल्या आजींसाठी. हातात कागद नाही, माईक तोंडापासून वीतभर लांब. आधी डाव्या हाताचं बोट वर करून दाखवतात, सूत सतत फिरून पडलेला वळ अजून दिसतो. मग व्यासपीठाकडे वळतात.

“कॉम्रेड, 18 जानेवारी ब्याऐंशीला आमचा संप सुरू झाला. 19 तारखेला सगळ्या देशानं संप केला. मला वाटलं, आता आपण एकटे नाही. 20 तारखेला कोण होतं?”

व्यासपीठावरचे खाली बघतात. उत्तर सोपं नाही, हे आजींनाही ठाऊक आहे. संपाचं नेतृत्व डॉ. दत्ता सामंतांकडे होतं, ते कुठल्याच राष्ट्रीय महासंघाचे नव्हते. बीआयआर (बॉम्बे इंडस्ट्रियल रिलेशन्स) कायद्यानं गिरण्यांत बोलणी करायचा हक्क एकाच युनियनला होता, इंटकच्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर आणि टेबलावर त्यांनी निवडलेलं कोणी नाही. तरी आजी सांगतात त्याप्रमाणे त्यांच्या घरी ज्वारी आली ती दुसऱ्या धंद्यांतल्या कामगारांच्या वर्गणीतूनच. म्हणून त्या बोलून झालं की खाली उतरतात, माझ्या टेबलाशी येतात आणि वर्षाची वर्गणी मोजून देतात. पावती घेतल्याशिवाय हलत नाहीत. महासंघ कशाला हवा, यावरची पाहुण्यांची तासभराची भाषणं माझ्या डोक्यावरून जातात, ही पावती फाडताना मात्र हात जड होतो.

आता आभार. एकदा एक नाव राहिलं आणि वर्षभर रुसवा चालला, तेव्हापासून कमिटीनं नावं घ्यायचीच नाहीत असं ठरवलंय. मी कामावरून सांगते. सतरंज्या झटकणारी चाळीतली मुलं. फलक रंगवणारे पेंटर काका, ज्यांनी फ्लेक्सच्या जमान्यातही ब्रश सोडला नाही. बटाटेवडे तळणाऱ्या आणि संपात खानावळ उधारीवर चालवलेल्या मावशी. माईकवाले मामा. गोदी आणि बेस्टमधले निवृत्त, जे खुर्च्या मांडतातही आणि उचलतातही. बँक युनियनच्या ताई, छपाई त्यांच्याकडे. पार्सल पोचवणारी ती दोन पोरं, जी गेल्या वर्षी ऑर्डरच्या मधे येऊन दाराशी उभी राहून ऐकून गेली. त्यांच्या सह्या मी मुद्दाम घेतल्या.

आणि हो, जिन्यावरून आजींना खुर्चीसकट वर आणणारे दोघे भाऊ. एक इंटकवाला, एक आमचा. इंटकवाल्याची हजेरी पाहुण्यांच्या पानावर लावायची की आपल्या, यावरून कमिटीत अजून वाद आहे. मी आपल्या पानावर लावते.